वाडीत शंखी गोगलगायी शिरल्यात. तुमच्याकडे आहेत का, आणि काय करताय?

पोफळी

नमस्कार मंडळी.

गुहागर तालुक्यात समुद्राच्या अंगाला आमची नारळ-पोफळीची वाडी आहे. जेमतेम वीस गुंठे. मधून पाट, कडेला चिऱ्यांचा गडगा, पोफळींवर चढवलेली मिरी आणि पानवेल, घरामागे आईचं परसू. गोगलगाय म्हटलं की आजवर आमच्या डोळ्यांपुढे यायची ती नखाएवढी, चपटी, पावसाळ्यात शेवाळलेल्या गडग्यावर दिसणारी. तिचा कुणाला कधी त्रास नव्हता.

यंदा मृगाचा पाऊस लागून आठेक दिवस झाले असतील. सकाळी आईने हाक मारली, "जरा अळवाकडे ये." अळवाचे नुसते देठ उभे होते. पानं शिरांसकट गेलेली. देठांवर वाळलेल्या लाळेचे चकचकीत पट्टे. शेजारी काकडीचा वेल मांडवावर चढायच्या आधीच बुडातून खाल्लेला. मला आधी साळिंदर वाटलं, मग वाटलं वासरू सुटलं असेल.

रात्री नऊला टॉर्च घेऊन गेलो. पहिल्यांदा तुळशीवृंदावन दिसलं. दिवाळीला त्याला चुना काढला होता. त्यावर नऊ गोगलगायी चढलेल्या. एकेकीचा शंख माझ्या अंगठ्याहून लांब, टोकाला निमुळता, भुऱ्या रंगावर गडद उभे पट्टे. उजेड जवळ नेला तरी हलल्या नाहीत. तोंड भिंतीला लावून मान डावीउजवीकडे फिरवत चुना खरवडत होत्या. पाऊस थांबलेला होता, त्यामुळे आवाजही येत होता, बारीक कानस फिरवल्यासारखा. जिथून सरकल्या तिथे चुन्यात ओल्या रेघा, जोत धरल्यासारख्या एकाशेजारी एक. शंख वाढवायला त्यांना चुना लागतो आणि आपल्या जांभ्याच्या मातीत तो फार कमी, हे मागाहून समजलं. म्हणून त्या रंगवलेल्या भिंती, सिमेंटचा गिलावा, मेलेल्या गोगलगायींचे शंख, हाडंसुद्धा खरवडतात.

त्या रात्री बादलीत ६३ पडल्या. दुसऱ्या रात्री ४८. तिसऱ्या रात्री पुन्हा साठच्या वर, कारण आम्ही गडग्याच्या पलीकडच्या बाजूला पाहिलंच नव्हतं.

आल्या कुठून, याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते सांगताना वाईट वाटतं. गेल्या वर्षी बाहेरच्या एका नर्सरीतून जायफळाची चाळीस कलमं आणली. लावताना पिशवी फाडली तर मातीत पिवळसर पांढरे गोल दाणे होते, साबुदाण्याहून थोडे मोठे, दहा-बारा एका जागी. मला वाटलं खताचे दाणे आहेत, नर्सरीवाल्यांनी बरंच खत घातलेलं दिसतंय. तसेच खड्ड्यात टाकले आणि वर माती ओढली. ती अंडी होती. आज ज्या कोपऱ्यात ही कलमं आहेत तिथेच गोगलगायी सगळ्यांत जास्त सापडतात.

थोडी माहिती गोळा केली आहे, चुकत असेन तर सांगा.

ही आफ्रिकन शंखी गोगलगाय, शास्त्रीय नाव लिसाचाटिना फुलिका (आधी अचाटिना फुलिका म्हणत). मूळची पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याची. तिथून मादागास्कर, मॉरिशस असं करत भारतात १८४७ मध्ये आली. विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या इंग्रज अभ्यासकाने मॉरिशसहून दोन जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या, त्या चौरंगीतल्या बागेत सोडल्या गेल्या आणि पसरल्या. जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत हिचं नाव आहे. पाचशेच्या आसपास वनस्पती खाते. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अंगं असतात, म्हणजे गोळा केलेल्या सगळ्याच अंडी घालणाऱ्या. एका वेळी शंभरापासून चारशेपर्यंत अंडी, वर्षातून बऱ्याचदा. एकदा जोडा जमला की बीज महिनोन् महिने अंगात साठवून ठेवते, त्यामुळे एकटी राहिलेली गोगलगायसुद्धा नवी वस्ती उभी करू शकते. ऊन वाढलं की शंखाच्या तोंडावर पापुद्रा धरून गडग्याच्या फटीत, नारळाच्या सोडणांच्या ढिगाखाली, गळलेल्या पानांच्या पातेऱ्यात महिनोन् महिने झोपते आणि पहिल्या पावसाला भुकेली बाहेर पडते.

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे सोयाबीनची कोवळी रोपं गोगलगायींनी कापून टाकली, लोकांना दुबार पेरणी करावी लागली, हे बातम्यांत आपण वाचलं होतं. तेव्हा मी ते मराठवाड्याचं दुखणं समजून पान उलटलं. आता विचार करा, तिथे कोरड्या हवेत ही इतकी माजली, तर आपल्या पोफळीच्या वाडीत, जिथे उन्हाळ्यातही शिंपण असतं, सावली असते, पातेरा असतो, तिथे हिला कसली अडचण?

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, कोकणात आणखी कुठे आहेत. दोन, कोणी काय उपाय केला आणि तो किती टिकला. तीन, माझा सात वर्षांचा भाचा सुट्टीत आला होता, त्याने चार-पाच शंख हातात घेऊन ओटीवर शर्यत लावली होती. यांच्यापासून मेंदूचा आजार होतो असं वाचलं आणि जीव थाऱ्यावर नाही. कोणी डॉक्टर असतील तर कृपया नीट सांगा.

आबोलीचो वळेसार

वेंगुर्ल्याच्या जवळ आमच्याकडेय इल्यासत. गेल्या वर्षी एक-दोन दिसलेली, यंदा पपयेच्या झाडार रातीची पाच-पाच. सासू म्हणता, ह्यो शंख दर्यातसून इलो की काय. मुलांका सांगलंय, हात लावू नकात.

झेंडूची रोपं चतुर्थीसाठी घातली होती, ती दोन रात्रींत संपली. सविस्तर नंतर लिहिते.

केवडा

पोफळी, मी दापोली भागात वीस वर्षं प्रॅक्टिस करतो. आधी भाच्याबद्दल. शंख हातात घेतला एवढ्याने काही होत नाही. मेंदूचा तो आजार एका जंताने होतो. धडधाकट कातडीतून हा जंत आत शिरत नाही, तो जातो तोंडावाटे. त्याने शंख हाताळून किती दिवस झाले ते बघा. लागण झालीच असेल तर त्रास बहुधा एक ते तीन आठवड्यांत सुरू होतो. मूल खेळतंय, खातंय, डोकं दुखत नाही, तर निर्धास्त राहा.

आता आजार काय आहे ते. उंदराच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहणारा एक जंत आहे, अँजिओस्ट्रॉन्जायलस कॅन्टोनेन्सिस. १९३५ मध्ये चीनच्या कँटनमध्ये उंदरांत सापडला म्हणून हे नाव. माणसातला पहिला रुग्ण नोंदला गेला तो तैवानमध्ये, १९४५ साली. या जंताची पिल्लं उंदराच्या लेंडीतून बाहेर पडतात, गोगलगाय ती लेंडी खाते, तिच्या अंगात पिल्लं वाढतात, ती गोगलगाय पुन्हा उंदीर खातो. असं हे चक्र. माणूस त्या चक्रात चुकून सापडतो. कच्ची गोगलगाय पोटात गेली, किंवा पालेभाजीत लपलेलं बारीक पिल्लू चिरलं जाऊन कच्चं खाल्लं गेलं, की जंताची पिल्लं मेंदूकडे जातात आणि तिथे मरतात. मेंदूच्या आवरणाला सूज येते ती त्यामुळे. आपल्या देशात केरळमध्ये असे रुग्ण नोंदले गेले आहेत. त्यांत काही जणांनी औषध म्हणून घोरपडीचं कच्चं मांस खाल्लं होतं. घोरपड गोगलगायी खाते, तिच्यातून तो जंत माणसात आला.

लक्षणं अशी: फार जोराचं डोकं दुखणं, मान आखडणं, उलट्या, अंगावर कुठेतरी मुंग्या येणं किंवा नुसता स्पर्श झाला तरी दुखणं. ताप बेताचा असतो किंवा नसतोही. लहान मुलांत ताप आणि झापड जास्त दिसते. पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं की त्यात इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या) पेशी वाढलेल्या दिसतात, त्यावरून कळतं. बहुतेक माणसं काही आठवड्यांत बरी होतात. सूज कमी करायला स्टेरॉइड देतात. क्वचित कोणाला कायमचं अपंगत्व येतं, मृत्यूही झालेले आहेत. एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही.

मला एक गोष्ट फार कळकळीने सांगायची आहे. असं डोकं धरलं तर डॉक्टरला आपणहून सांगा की घरात, बागेत गोगलगायी आहेत, मूल त्यांच्याशी खेळलं होतं. आम्ही विचारत नाही, कारण आमच्या डोक्यात पावसाळ्यात लेप्टो, डेंगी, मलेरिया हेच असतं. माझ्याकडे असा रुग्ण अजून आलेला नाही, पण आला आणि कोणी गोगलगायीचा विषयच काढला नाही तर माझ्याही लक्षात येईल याची खात्री देत नाही.

आणि हा जंत फक्त आफ्रिकन गोगलगायीत असतो असं नाही. आपल्या गोगलगायी, बिनशंखाच्या गोगलगायी, सगळ्यांत राहू शकतो. फरक इतकाच की ही मोठी, संख्येने प्रचंड आणि उंदीर-घुशींच्या वावरात राहणारी. त्यामुळे पानं उलटसुलट करून वाहत्या पाण्याखाली एकेक धुवा, पावसाळ्यात परसातली कोथिंबीर-मुळा कच्चा खाऊ नका, विहिरीत किंवा उघड्या पिंपात गोगलगायी पडू देऊ नका, आणि शिजवलेल्या अळवाच्या फदफद्याची काही भीती बाळगू नका. उकळल्यावर जंत मरतो.

हातखंबा

उपायांबद्दल विचारलंत म्हणून माझा अनुभव, तो चांगला नाही.

गेल्या पावसाळ्यात दुकानातून गोगलगायी मारायच्या निळ्या गोळ्या आणल्या, मेटाल्डिहाइडच्या. विकणाऱ्याने भाताच्या तुसासारख्या पसरा एवढंच सांगितलं. पसरल्या. सकाळी पन्नासेक गोगलगायी लाळ सोडून मेलेल्या दिसल्या, आनंद झाला. दुपारी आमची कुत्री मोती थरथरायला लागली. उभी राहता येईना, मग आचके. अंग इतकं तापलं की हात ठेववेना. त्या गोळ्यांना कोंड्याचा वास असतो, कुत्री ती आवडीने खातात हे मला नंतर पशुवैद्यांनी सांगितलं. त्यांनी असंही सांगितलं की याला उतारा नाही, फक्त आचके थांबवायचे आणि वेळेत पोचायचं. आम्ही पोचलो तेव्हा चार तास होऊन गेले होते. ती गेली. बारा वर्षं घरात होती.

गोळ्या वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. मराठवाड्यात शेताला त्याच वापरल्या. पण ज्या घरात कुत्रं-मांजर, कोंबड्या, लहान मूल आहे तिथे उघड्यावर टाकू नका. टाकायच्याच असतील तर नारळाच्या करवंटीखाली, वर दगड ठेवून, फट बोटभर.

पोफळी

हातखंबा, वाचून फार वाईट वाटलं. मी गोळ्या आणायच्या बेतात होतो. आता नाही आणत.

केवडा, मनापासून आभार. भाचा जाऊन सव्वा महिना झाला, ठणठणीत आहे. तरी बहिणीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

कातळफूल

मी या विषयातला पदवीधर नाही, पण गेली काही वर्षं सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) आणि घाटात गोगलगायी बघत फिरतो. त्यामुळे शेतीपलीकडचं थोडं.

आपल्या सह्याद्रीत आणि कोकणात गोगलगायींच्या कितीतरी जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. आंबोलीची वराडिया आंबोलिएन्सिस घ्या. अर्धवट शंख अंगात झाकलेली ही गोगलगाय शास्त्राला माहीत झाली ती थेट २०२१ मध्ये. वर्षानुवर्षं लोक जिथे पाऊस बघायला जातात तिथे एक अख्खी जात बिननावाची बसली होती. अजून किती असतील. यांतल्या बऱ्याच जाती कुजलेला पाला, शेवाळ, बुरशी खाऊन जगतात. पातेऱ्याची माती करायचं काम करतात. पोफळी, तुमच्या गडग्यावरच्या त्या नखाएवढ्या गोगलगायी यंदा किती दिसल्या? मला भीती आहे ती हीच. त्याच फटी, तोच पाला, तोच चुना या आफ्रिकन गोगलगायी हजारोंनी खायला लागल्या की आपल्या बारक्या जातींना उरतं काय? आणि वर आपण सरसकट विष टाकलं तर आधी त्या मरतात, कारण त्या लहान.

काजव्यांचंही तसंच. मे-जूनमध्ये झाडं लखलखवणारा काजवा अळी असताना जमिनीवर राहतो आणि गोगलगायी खातो. त्यांच्या अंगात विष टोचून त्यांना पातळ करून शोषतो. सगळ्याच गोगलगायी संपवल्या तर काजव्याच्या अळीच्या तोंडचा घास गेला.

"मग गोगलगायी खाणारं काहीतरी आणून सोडा" असं कोणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो. हवाईत हेच केलं होतं. १९५५ मध्ये आफ्रिकन गोगलगायीचा बंदोबस्त करायला फ्लोरिडाकडची एक शिकारी गोगलगाय आणून सोडली, युग्लँडिना रोझिया. पुढे १९७० च्या दशकात ती ताहिती, मोरेआ या बेटांवरही नेली. तिने मोठ्या आफ्रिकन गोगलगायीचा पाठलाग करण्याऐवजी बेटांवरच्या लहान, झाडांवर राहणाऱ्या देशी गोगलगायी खाल्ल्या. तिथल्या पार्टुला कुळातल्या बहुतेक जाती जंगलातून नाहीशा झाल्या. काही जातींच्या शेवटच्या गोगलगायी उचलून परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांत डब्यांमध्ये वाढवाव्या लागल्या. आफ्रिकन गोगलगाय मात्र आहे तिथेच आहे.

आपल्याकडे भारद्वाज ही गोगलगाय फोडून खातो. मी डोळ्यांनी पाहिलंय: शंख चिऱ्यावर आपटून, तोंडाकडून भोक पाडून. तुमच्या वाडीत बांबूचं बेट किंवा दाट कुंपण असेल तर ते तोडू नका, भारद्वाज तिथेच घरटं करतो. उंदीर आणि घुशीही खातात, पण त्यांनी खाल्लं की केवडा यांनी सांगितलेलं चक्र पुरं होतं.

चौलचा पाट

आमच्याकडे रेवदंडा-चौल पट्ट्यात वाड्यांतून आहेत. मुंबईकडे तर पावसाळ्यात बंगल्यांच्या भिंतींवर, सोसायट्यांच्या बागेत सर्रास दिसतात. आम्ही सरळ मीठ टाकतो. जागच्या जागी विरघळते.

पोफळी

चौलचा पाट, जमिनीवर मीठ टाकू नका हो. आपल्या वाडीची माती दर वर्षी मिठाचा बोजा कशी सोसेल? मी पोफळीच्या बुडात एकदा टाकलं, तिथली हळद पिवळी पडली. बादलीत घट्ट मिठाचं पाणी करून त्यात टाका आणि झाकण ठेवा, नाहीतर काठावरून बाहेर येतात. सकाळी खड्ड्यात पुरून वर चुना टाकायचा. पायाखाली चिरडू नका, पोटात अंडी असली तर ती मातीत राहतात आणि लाळ चोहीकडे उडते.

देवगडकरीण

एक प्रामाणिक प्रश्न. आपण खुबे, तिसऱ्या, कालवं खातो. आफ्रिकेत लोक ह्या गोगलगायी खातात असं ऐकलंय. मग एवढ्या गोळा करून पुरण्यापेक्षा खाता येणार नाहीत का? निदान कोंबड्यांना?

केवडा

पश्चिम आफ्रिकेत खातात, आणि नीट उकळल्यावर जंताची भीती राहत नाही हे खरं. अडचण दुसरीकडे आहे. शंखातून काढताना, साफ करताना कच्च्या मांसाला आणि लाळेला हात लागतात, तीच विळी कोशिंबिरीला वापरली जाते. शिवाय ती गोगलगाय काय खाऊन आली हे आपल्याला कळत नाही, शेजाऱ्याने कालच गोळ्या टाकलेल्या असू शकतात. परसातल्या गोगलगायी खाऊ नका, असंच मी सांगेन. कोंबड्या-बदकांनाही शिजवल्याशिवाय घालू नका.

एर्नाकुलमहून

नोकरीमुळे पंधरा वर्षं केरळात आहे, मूळ राजापूरची. इथे ही गोगलगाय फार जुनी आहे. पालक्काड जिल्ह्यात १९७० च्या सुमाराला आली असं सांगतात, आणि २०१८ च्या पुरानंतर तर कुठे कुठे पोचली. पिच्चीच्या वनसंशोधन संस्थेने सांगितलेला उपाय इथे घरोघरी करतात. २५ ग्रॅम तंबाखू दीड लिटर पाण्यात उकळून एक लिटर उरवायचा आणि गाळायचा. ६० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) वेगळ्या एक लिटर पाण्यात विरघळवायचं. दोन्ही एकत्र करून गोगलगायींवर फवारायचं.

त्याआधी त्यांना एका जागी बोलवायचं. गोणपाट ओलं करून त्याखाली पपईची पानं, कोबीचा पाला किंवा गूळ-कोंडा ठेवायचा. रात्री सगळ्या तिथे जमतात. म्हणजे वाडीभर फवारावं लागत नाही. मी एकटी राहते, मला गोणपाटाचा उपाय सगळ्यांत सोपा वाटला. सकाळी उचलायचं, चिमट्याने बादलीत टाकायच्या, झालं.

कातळफूल

गोणपाट उत्तम. मोरचुदाचं पाणी मात्र पाटात, विहिरीच्या कठड्यापाशी, भाताच्या रोपांच्या दाढीत जाऊ देऊ नका. मासे, बेडूक, खेकडे त्याने मरतात.

सुपारीवाल्यांसाठी एक: कोळेरोगासाठी (सुपारी कुजून गळते तो रोग) आपण बोर्डो मारतोच, ते मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. मोरचुदातलं तांबं गोगलगायीला सोसत नाही. बुंध्याला जमिनीपासून हात-दीड हात बोर्डो पेस्टचा पट्टा दिला तर वर चढत नाहीत, मिरी आणि पानवेल वाचते. आणि ज्या बुरशीने कोळेरोग होतो तिच्याच कुळातल्या बुरशीचे बीजाणू ही गोगलगाय विष्ठेतून पसरवते असं संशोधकांनी इतर देशांत कोको, अळू, वांगी अशा पिकांत दाखवलं आहे. म्हणजे पानं खाल्ली एवढ्यावर हिशोब थांबत नाही.

जुनी शाळा

निवृत्त शिक्षक आहे, रत्नागिरी जिल्ह्यातलाच. चर्चा वाचून एक जुनी गोष्ट आठवली, नव्या पिढीला ठाऊक नसेल.

आपल्या जिल्ह्यातलं गिमवी हे गाव वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी तिथे शिस्टोसोमियासिसचे रुग्ण शोधून काढले. लघवीतून रक्त जाण्याचा हा आजार आफ्रिकेतला, भारतात तो असल्याचं तोवर कुणी मानत नव्हतं. त्याचा जंत एका बारीक, टोपीसारख्या कवचाच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढत होता, फेरिसिया नाव तिचं. ज्या पाण्यात लोक अंघोळी करत, गुरं धूत, तिथेच ती. पुढे औषधोपचार आणि गोगलगायींचा बंदोबस्त करून तो आटोक्यात आला.

ती गोगलगाय वेगळी, आजार वेगळा, आणि आताच्या या शंखीचा त्याच्याशी काही संबंध नाही, घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण गावातली माणसं वर्षानुवर्षं रक्त जातंय म्हणून येत होती आणि पाण्यातल्या नखाएवढ्या जिवाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. केवडा डॉक्टर म्हणाले, गोगलगायीचा विषय आपणहून काढा. ते फार मोलाचं आहे.

पोफळी

गुरुजी, गिमवी आमच्यापासून जवळ, आणि मला हे आज कळलं.

एक महिन्याने लिहितोय. मधल्या काळात काय केलं ते सांगतो, कारण विचारपूस होतेय.

आमच्या एकट्याच्या वाडीत रोज गोळा करून काही उपयोग नाही हे दहाव्या दिवशी समजलं. गडग्याच्या दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या फटी, तिकडून पुन्हा येतात. मग मंदिरात ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बैठक घेतली. सुरुवातीला लोक म्हणाले, गोगलगायीसाठी कसली बैठक? मी बादली नेली होती. झाकण काढलं, मग कोणी उठलं नाही. फ्लोरिडाचं उदाहरण सांगितलं: १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी आणल्या, आजीने त्या बागेत सोडल्या, सात वर्षांत अठरा हजार झाल्या. त्या संपवायला दहा वर्षं आणि सुमारे दहा लाख डॉलर लागले. २०११ मध्ये तिथे पुन्हा सापडल्या, तेव्हा दहा वर्षांत १ लाख ६८ हजारांच्या वर गोळा केल्या. वास काढायला शिकवलेली कुत्रीही त्यासाठी वापरली.

ठरलं ते असं. एकवीस घरं, मंगळवार आणि शनिवारी रात्री साडेआठ ते दहा, सगळे एकाच वेळी आपापल्या आवारात आणि समाईक गडग्याला. भातलावणीला लेप्टोसाठी आणलेले रबरी हातमोजे घरात होतेच, तेच वापरले. मुलांना टॉर्च धरायला आणि मोजायला ठेवलं, हात लावायला नाही. पहिल्या शनिवारी सगळ्यांच्या मिळून ९१२. चौथ्या मंगळवारी २४०. पाऊस त्या रात्री कमी होता हे धरूनसुद्धा फरक आहे. अंड्यांसाठी जायफळाच्या बुडातली माती वीतभर उकरून पाहिली, तीन ठिकाणी सापडली. उकळतं पाणी ओतलं.

पातेरा बुंध्यापासून हातभर मागे ओढला. सोडणांचा ढीग हलवला, त्याखाली एका टोपलीला पुरतील एवढ्या होत्या. गणपती झाले की बाहेरून येणाऱ्या प्रत्येक रोपाची पिशवी वाडीत शिरण्याआधी रस्त्यावर पत्र्यावर फोडायची आणि मुळं धुवायची, हे आम्ही लेखी ठरवलंय. ज्या नर्सरीतून कलमं आणली तिथे फोन केला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि "सगळीकडेच आहेत" म्हणाले. दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करून आलोय, उन्हाळ्यात गडग्यातल्या झोपलेल्या गोगलगायी काढायचा कार्यक्रम त्यांच्या सल्ल्याने आखणार आहे. एप्रिल-मे मध्ये त्या हलत नाहीत, हाताने वेचता येतात. पहिल्या पावसाआधी जेवढ्या निघतील तेवढ्या.

आबोलीचो वळेसार

एकवीस घरां! आमच्याकडे तिघांनी सुरू केलाव. पोफळी, एक विचारूचा होता. काल गोळा करताना बादलीत एक वेगळीच दिसली. फोटो टाकतंय. शंख पातळ, चपटो, मधाच्या रंगाचो, आणि त्येचा तोंड डाव्या बाजूक. हीसुद्धा मिठाच्या पाण्यात टाकूची काय?

कातळफूल

नका टाकू! ही आपली आहे, एरियोफँटा. टोक वर धरलं की तोंड डावीकडे येतं, आफ्रिकनचं उजवीकडे येतं आणि शंख उंच, भोवऱ्यासारखा टोकदार असतो, पिल्लांचाही. शंका आली तर उंची बघायची: रुंदीपेक्षा उंच असेल तरच बादलीत. काल रात्रीची ती अजून जिवंत आहे का?

आबोलीचो वळेसार

जिवंत आसा. वेगळी ठेवलेली, कोरड्या डब्यात. आता परत गडग्यार सोडून इलंय, जिथे गावली थयच.